उतरायचं कुठं?

धामणकर नाक्याजवळच्या एका टूरवाल्यानं अंदमानचं रंगीत पत्रक टेबलावर पसरलं, तेव्हा त्यात बोटीच बोटी होत्या. काचेच्या तळाची बोट, अर्धी पाणबुडी, स्पीडबोट, सूर्यास्ताची बोट, रात्री चमकणाऱ्या पाण्यातली कयाक. माझा पाच वर्षांचा मुलगा पाणबुडीच्या चित्रावर हात ठेवून बसला. बारा वर्षांच्या मुलीला स्पीडबोट हवी होती. नवऱ्यानं "सगळं मिळून किती?" असं विचारलं. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "समदं ठीक हाय. पन उतरायचं कुठं? धक्क्यावर का पान्यात?"

टूरवाला हसला. "आजी, ते तिथली माणसं बघतात."

आईंनी पदर सावरला आणि उठल्या. मग आम्हीही उठलो.

आमचं घर काल्हेरचं, म्हणजे भिवंडी तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. आज काल्हेर म्हटलं की लोकांना गोदामं आठवतात, कंटेनर आठवतात, अंजूरफाट्यापासून काशेळीपर्यंतची गाड्यांची रांग आठवते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराचा आरंभ या खाडीत झाला, हे आम्ही शाळेत घोकलं. पण माझ्या पिढीची खाडीशी ओळख काशेळीच्या पुलावरून, गाडीची काच वर करून. आईंची तशी नाही. त्यांनी लग्नाआधी आणि नंतरही होडीतून भाजीच्या पाट्या नेल्या आहेत. ओहोटीला होडी काठाला लागत नसे, गुडघाभर चिखलात उतरावं लागे. एकदा घाईत उतरताना पाय फिरला तो कायमचा. उजवा गुडघा आजही जिना चढताना कुरकुरतो. म्हणून बोट म्हटली की त्यांना आधी उतरणं दिसतं.

त्या दिवशी मला तो प्रश्न म्हातारपणाचा वाटला होता. पुढच्या तीन महिन्यांत आम्ही जे जे निवडलं आणि जे जे सोडलं, ते त्याच प्रश्नानं.

पहिली सोडली ती दिवाळी. भिवंडीत माग बंद राहतात, कारागीर गावी जातात, गोदामांतही काम मंदावतं. त्यामुळे आमच्याकडे सहल म्हणजे दिवाळीतच, असा रिवाज. पण अंदमानला पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, आणि नंतर ईशान्येकडून. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे महिने. डिसेंबर २०१६ मध्ये असंच एक वादळ तिथं घोंगावलं आणि हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नील या बेटांवर अडकून पडले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं धाडावी लागली. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो. मुलांची चार दिवस शाळा बुडणार म्हणून नवरा कुरकुरला. मी म्हटलं, बाई विचारतील तर सांगू, भूगोलाला गेलो होतो.

लक्षद्वीपही मनात होतं. तिथला निळा रंग अंदमानपेक्षा उजवा, असं जाऊन आलेले सांगतात. प्रवेशाचा परवाना काढावा लागतो, कोचीहून जहाज असतं. आणि बऱ्याच बेटांवर ते मोठं जहाज काठापर्यंत जात नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं. तिथं हलत्या जहाजातून हलत्या होडीत उतरायचं. आईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यावर कोणी वाद घातला नाही.

जाण्याआधी एक शहाणपणाची गोष्ट मात्र आमच्या हातून झाली. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोनं एकदा जाऊन आलो. धाकट्याला बोट लागते का, ते बघायला. लागली. मांडवा दिसायच्या आत त्यानं सकाळचे पोहे परत केले. हे हजारो रुपयांची विमानाची तिकिटं काढून झाल्यावर, अंदमानच्या समुद्रात कळण्यापेक्षा तिथं कळलं ते बरं. डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे औषध लिहून घेतलं, ते बोट सुटायच्या आधी द्यायचं. सुटल्यावर दिलं तर ते पोटात टिकतच नाही.

मालवणचा अनुभव गाठीशी होताच. दोन वर्षांपूर्वी मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो होतो. कुरटे बेटावरचा तो किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये बांधला, आणि आजही पावसाळ्यात तिथली होडीवाहतूक बंद असते. साडेतीनशे वर्षांत दर्या बदललेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही गेलो तेव्हा होडीवाल्यानं मोजून माणसं घेतली होती. मे २०२२ मध्ये तारकर्लीला वीस पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ येऊन उलटली होती आणि दोघांचा जीव गेला होता. त्याची आठवण ताजी होती.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झालं आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी जुनंच. बेटांचंही तसंच. २०१८च्या डिसेंबरात रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, नील शहीद द्वीप, हॅवलॉक स्वराज द्वीप. तिकिटावर नवं नाव, बोलण्यात जुनं. तिकीट काढताना दोन्ही माहीत असावीत, नाहीतर आमच्यासारखं खिडकीवर 'हे हॅवलॉकचं नाही' म्हणून भांडायची पाळी येते. आणखी एक गोंधळ घड्याळाचा. बेटं इतकी पूर्वेला आहेत आणि वेळ मात्र आपलीच. त्यामुळे सहाच्या आत लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. बोटींचा धंदा सकाळचा. आरामात नाश्ता करून दहाला जाऊ म्हणणाऱ्या कुटुंबाचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. सात बाहूंपैकी तीन उरले आहेत. सावरकरांना १९११ साली 'महाराजा' नावाच्या बोटीनं इथं आणलं, हे वाचून मुलगी म्हणाली, "मग त्यांना उतरवलं कुठं?" तिला आजीची सवय लागली होती. गच्चीवरून समोर रॉस बेट दिसतं.

रॉस आणि नॉर्थ बे, ही जोडी जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला येते. अबर्डीन जेटीच्या बाजूच्या जलक्रीडा संकुलातून छोट्या बोटी सुटतात. रॉस जवळ आहे, दोन्हीकडे नीट धक्का आहे, आत म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीची गाडी मिळते. इंग्रजांचं मुख्यालय इथं होतं. १९४१चा भूकंप आणि पुढच्या वर्षी आलेले जपानी यांनी ते संपवलं. आता चर्चच्या, बेकरीच्या भिंती वडापिंपळाच्या मुळ्यांनी आवळून धरल्या आहेत आणि मधून हरणं फिरतात. आईंना हे बेट सगळ्यात आवडलं. "घर सोडलं की झाड घर खातं," एवढं म्हणाल्या आणि हरणाला खाकरा देऊ लागल्या, रखवालदारानं हटकलं.

नॉर्थ बेला मात्र मला वैताग आला. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागचं नारळीचं चित्र या खाडीकडे बघून काढलेलं, म्हणून मी उत्सुक होते. उतरताच विक्रेत्यांनी घेरलं. सी-वॉक, स्कूबा, जेट-स्की, काचेची बोट, पाणबुडी. इथं एक गोष्ट कळून घ्यावी: ती पाणबुडी बुडत नाही. वरचा भाग पाण्यावर राहतो, तुम्ही अरुंद जिन्यानं तळघरात उतरता आणि खिडक्यांतून बघता. धाकट्याच्या स्वप्नातली पाणबुडी नव्हती, पण मासे दिसले आणि तो शांत झाला. काचेच्या तळाची बोट त्यापेक्षा सोपी, जिना नाही, पण हलत्या काचेकडे खाली मान घालून बघत बसलं की बोट लागायला वेळ लागत नाही. ज्याला बोट लागते त्यानं अधूनमधून मान वर करून क्षितिज बघावं. आलेपाकाची वडी तोंडात असली तर उत्तम.

याच पाण्यात, रॉस आणि नॉर्थ बेच्या दरम्यान, २६ जानेवारी २०१४ रोजी पर्यटकांची एक बोट बुडाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरली होती. मुंबईकरांना तर डिसेंबर २०२४ची एलिफंटाच्या वाटेवरची नीलकमल बोटीची दुर्घटना विसरणं शक्य नाही. मी हे घाबरवायला लिहीत नाही. बोटीच्या आत कुठंतरी माणसांचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचायला काही पैसे पडत नाहीत, म्हणून लिहिते. आमच्या एका फेरीच्या वेळी बोटवाल्यानं धाकट्याला मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट चढवलं. पट्टे घट्ट केले तरी खांद्याला धरून उचलल्यावर जॅकेट वर गेलं आणि पोरगं खालून निसटलं. धक्क्यावर कळलं म्हणून हसलो. लहान मुलाला त्याच्या मापाचं, मांड्यांमधून पट्टा येणारं जॅकेट लागतं. "होतंय, दहा मिनिटांचा तर प्रवास," असं तो म्हणाला. आम्ही ती बोट सोडली, पुढची घेतली. अर्धा तास गेला. नवऱ्यानं सहलीत पहिल्यांदा माझी बाजू घेतली, हा वरचा नफा.

हॅवलॉकला जायच्या बोटीत खरी निवड करावी लागते, आणि तिथं पत्रकं सर्वांत कमी बोलतात. एक, सरकारी फेरी. स्वस्त, जरा सावकाश, बाहेर उघड्या डेकवर उभं राहता येतं. तिकिटं मिळवणं मात्र कष्टाचं, कारण ती आधी बेटवासीयांची एसटी आहे. दुसऱ्या, खासगी कॅटामरान, मॅक्रूझसारख्या. दीड तासाच्या आसपास पोचवतात, वातानुकूलित, विमानासारख्या खुर्च्या. पण काचा बंद, डेकवर जाता येत नाही. बोट लागणाऱ्याला बंद खोली म्हणजे शिक्षा. तिसरा मधला मार्ग, ग्रीन ओशन, तिला वेळ थोडा जास्त लागतो पण वरचा डेक उघडा. टूरवाले कॅटामरान गळ्यात मारतात आणि वर 'प्रीमियम' रांगेतल्या पुढच्या सीटचे जादा पैसे मागतात. लाटेवर बोटीचं नाक सर्वांत जास्त आपटतं. मधली आणि मागची बाजू, खालचा मजला, तिथं हेलकावे कमी. म्हणजे स्वस्तातली सीट पोटाला चांगली, हे असं जगात फार कमी ठिकाणी असतं.

जाताना आम्ही डेकवाली घेतली, येताना कॅटामरान. जाताना धाकटा वाऱ्यात उभा राहून उडणारे मासे मोजत होता. एकवीसपर्यंत मोजले, पुढचे आकडे त्याला नीट येत नाहीत. येताना औषध देऊनही पिशवी हातात धरावी लागली.

हॅवलॉकच्या जेटीवरून एलिफंट बीचला स्पीडबोटी जातात, वीसेक मिनिटांचा रस्ता. मुलीचं स्वप्न. इथं धक्का नाही. बोट वाळूला नाक लावते आणि तुम्ही मांडीभर पाण्यात उडी टाकता. आई राधानगरच्या किनाऱ्यावर झाडाखाली बसल्या, नवरा आणि मुलगी गेले. मुलगी स्नॉर्केल लावून प्रवाळ बघून आली ती गप्प. रात्री म्हणाली, "आई, बरंचसं पांढरं होतं." समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातली रंगीत सूक्ष्म शेवाळं टाकून देतं आणि पांढरं पडतं, अंदमानात २०१० साली हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, आणि त्यानंतरही. पत्रकातले फोटो जुने असतात किंवा दुसरीकडचे. मुलांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

नीलवर एक दिवस. तिथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो. आई म्हणाल्या, आज षष्ठी. त्यांच्याकडे खाडीचं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेदहाच्या सुमारास सुकती. हॉटेलच्या फळ्यावरची वेळ निराळी होती. आईंनी फळ्याकडे संशयानं पाहिलं. पण प्रत्येक बंदराची भरती आपापल्या वेळेनं येते, आणि त्यांचं गणित आपल्या किनाऱ्याचं. उंचीही वेगळी, मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, इथं दोनेक मीटर. आम्ही फळ्यावर विश्वास ठेवला आणि पूल कोरडा मिळाला. "परक्याचं पानी," आई पुटपुटल्या.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांना आम्ही गेलो नाही. खाडीतून तिवरांच्या कमानीखालून बोट जाते, फोटो सुरेख येतात. पण तिथं जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून, गाड्यांच्या ताफ्यातून. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असे कडक नियम असूनही लोक खिडकीला डोळे लावून बसतात म्हणे. माणसं बघायला जाणं मला पटलं नाही. आणि तिवरं? तिवरं आमच्या दाराशी आहेत, जी भरावाखाली गेली नाहीत तेवढी.

शेवटची बोट जॉली बॉयची ठेवली होती, आणि त्यानंतर एक दिवस रिकामा. हा रिकामा दिवस विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्येच हवा. फेरी रद्द झाली तर तोच वाचवतो. जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं छोटं बेट. उद्यान १९८३चं, वांडूरच्या धक्क्यावरून बोट. पावसाळ्यात हे बेट बंद ठेवून रेड स्किन नावाचं दुसरं उघडतात, सोमवारी सुट्टी, परवाना आधी काढावा लागतो. प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. बाटली हवी असेल तर अनामत ठेवायची, रिकामी बाटली दाखवून परत घ्यायची. भिवंडीच्या नाल्यांकाठी राहणाऱ्या माणसाला हा नियम बघून गहिवरून येतं. बेटावर दुकान नाही, मुक्काम नाही. सगळ्या बोटींत हीच मला आवडली, कारण इथं कोणी काही विकत नव्हतं.

वांडूरपासून तासभर हिरव्या बेटांमधून बोट जाते. पाणी इतकं संथ की धाकटा औषधाशिवाय बसला. मग मोठी बोट बेटापासून थोडी दूर थांबली. धक्का नव्हता. तिथून काचेच्या तळाच्या छोट्या होडीत, आणि होडीतून वाळूवर. परवाना काढताना मी विचारायला हवं होतं. सहा दिवस तोच एक प्रश्न विचारत फिरलो आणि नेमका शेवटच्या बोटीला विसरलो.

मी आईंकडे बघितलं नाही. नवरा म्हणाला, "आई, तू बोटीतच बस, आम्ही दोन तासांत येतो." तांडेलही म्हणाला, "अम्मा, इधर ही बैठिए."

आईंनी चपला काढून मुलीच्या हातात दिल्या. पदर खोचला. कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि काही केलं नाही. छोटी होडी लाटेवर वर येत होती, खाली जात होती. तांडेलानं हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. होडी वर आली, बोटीच्या काठाशी सारखी झाली, त्या क्षणी त्या पलीकडे होत्या. काठाजवळ आल्यावर होडीकडे तोंड करून, पाठ वाळूकडे, दोन्ही हात लाकडावर, लाट मागं सरेपर्यंत थांबल्या आणि चांगला पाय आधी टाकला. घोटाभर पाणी लागलं.

माझी मुलगी तोंड पुढं करून, फोन हातात धरून उतरली आणि कमरेपर्यंत भिजली. फोन गेला.

"लाट गेल्यावर पाय टाकायचा," आई तिला म्हणाल्या. "आनि बोटीला पाठ नाय दाखवायची."

परतीचं विमान चेन्नईमार्गे रात्री मुंबईला आलं. बाळकुमवरून काशेळीच्या पुलावर आलो तेव्हा दीड वाजला होता, तरी ट्रकांची रांग होतीच, मेट्रोच्या खांबांमधून सरकत. खाली खाडी होती. वसई-ठाणे-कल्याण जलवाहतुकीच्या योजनेत काल्हेरला जेटी आहे, असं नवरा आईंना सांगत होता. म्हणजे एक दिवस आपल्या दारातून बोट सुटेल, ट्रॅफिकची कटकट नाही.

आई काच खाली करून पाणी बघत होत्या. "ओहोटीला बी?" त्यांनी विचारलं.